धुरपदाबाईचे संवाद

गौसिया बीडमधल्या एका मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होती, आणि तिच्या कपाटातला एक खण कायम रिकामा असायचा. सहावीपर्यंतच्या मुलींसाठी गोष्टींची पातळ पुस्तकं होती, शिक्षकांसाठी जाडजूड कादंबऱ्या होत्या. नववी-दहावीच्या मुली मधल्या सुट्टीत यायच्या, पातळ पुस्तकांना नाक मुरडायच्या, जाड पुस्तकं चाळून जागेवर ठेवायच्या आणि विचारायच्या, "मॅडम, आमचं काहीच न्हाई का?"

दोन वर्षं हाच प्रश्न ऐकून झाल्यावर गौसियाने स्वतःच वही उघडली.

तिच्या पहिल्या कादंबरीचं नाव होतं 'चिंचेखालचं सरकार'. घरी-दारी सगळ्यांचे हुकूम झेलून कंटाळलेली नववीतली चार पोरं एका चिंचेखाली स्वतःचं सरकार स्थापन करतात. एक मुख्यमंत्री, एक गृहमंत्री, एक शिक्षणमंत्री, आणि एक असा मंत्री की जो रोज राजीनामा देतो. अडचण एवढीच, की चिंच धुरपदाबाई नावाच्या खाष्ट म्हातारीची असते आणि तिला हे सरकार मान्य नसतं. पहिल्या प्रकाशकाने "या वयाची मुलं पुस्तकं वाचत नाहीत" असं कळवून हस्तलिखित परत पाठवलं. दुसऱ्याने छापलं, आणि वर्षाच्या आत दुसरी आवृत्ती काढली. गेवराईपासून परळीपर्यंतच्या मुली तिला मोबाइलवर निरोप पाठवू लागल्या. एकीने तर स्वतःच्या मंत्रिमंडळाचा फोटो पाठवला, खाली खातेवाटपासकट.

त्यानंतर सात वर्षांत आणखी दोन कादंबऱ्या झाल्या. साहित्याच्या कार्यक्रमांत कुणी ना कुणी पाठीवर हात ठेवून विचारायचंच, "आता मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" गौसिया हसून म्हणायची, "मोठ्यांना खण भरपूर आहेत."

सगळं छान चाललं होतं. मनात एकच गोष्ट खुपत होती. धुरपदाबाई खरी होती.

तिचं खरं नाव छबुबाई. उमापूरला गौसियाच्या वडिलांचं, ख्वाजा मिस्त्रींचं, मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि गॅरेजच्या मागेच छबुबाईचं आवार. आवारात ती चिंच. लहानपणी गौसिया आणि तिच्या मैत्रिणींनी त्या चिंचेखाली जेवढ्या दुपारी काढल्या, तेवढ्याच वेळा छबुबाईच्या काठीपुढे आणि दगडांपुढे धूम ठोकली होती. लिहिताना गौसियाने नाव तेवढं बदललं. बाकी सगळं तसंच राहिलं: एका बाजूची काडी दोऱ्याने बांधलेला चष्मा, कमरेची तंबाखूची चंची, मैना नावाची शेळी, आणि "कोन हाय रं तिकडं?" ही अख्ख्या गल्लीला जागं करणारी हाक. पुस्तक छापून आल्यावर तिच्या लक्षात आलं, की उमापूरचं शेंबडं पोरसुद्धा दुसऱ्या पानावर ओळखेल. तेव्हापासून तिने गावात एकही प्रत जाऊ दिली नाही. कुणी मागितली तर सांगायची, "संपली हो. नवीन आवृत्ती निघाली की देते." अब्बांनाही तिने एवढंच सांगितलं होतं, की शाळेतल्या पोरांची गोष्ट आहे. ख्वाजा मिस्त्री उर्दू शाळेत शिकलेले. मराठी बोलायचे फर्डी, पण वाचायच्या भानगडीत पडत नसत.

आणि मग अंगदचा फोन आला.

अंगद मूळचा युसूफ वडगावचा. पंधरा वर्षं मुंबईत राहून दोन चित्रपट केलेला. तो म्हणाला, "गौसियाताई, माझ्या भाचीनं तुमचं पुस्तक माझ्या बॅगेत टाकलं. म्हणाली, मामा, यावर पिक्चर काढ, न्हाई तर राखी बांधायला येणार न्हाई. मी वाचलं. आता काढावाच लागतोय. पण पटकथा तुम्हीच लिहायची."

"मला पटकथा लिहिता येत नाही."

"कादंबरी तरी कुठं येत होती? लिहिलीत ना?"

गौसिया आनंदाने ग्रंथालयातच गिरकी घेणार होती, पण अंगदने पुढचं वाक्य टाकलं. "अन् शूटिंग उमापूरलाच करू. मी जाऊन बघून आलो. ती चिंच अजून हाय की हो तिथं!"

तिने परोपरीने सांगून पाहिलं. कपिलधारच्या बाजूला किती हिरवं असतं. युसूफ वडगाव तर तुमचं स्वतःचं गाव. अंगद म्हणाला, "माझ्या गावात शूटिंग केलं तर अख्खं गाव मला डायरेक्शन शिकवील. उमापूरच."

पटकथेचं काम सुरू झालं. शाळा सुटल्यावर गौसिया लिहायची, अंगद फोनवर बोलायचा. हळूहळू तिला त्यातली गंमत कळू लागली. कादंबरीत 'मुख्यमंत्र्याला फार एकटं वाटलं' असं लिहून मोकळं होता येतं. इथे एकटं वाटणारा मुख्यमंत्री काय करतो ते दाखवावं लागतं. तिने दाखवलं: तो चिंचोके मोजतो, तीनच भरतात, पुन्हा मोजतो. अंगद खूश झाला. पोरांचे प्रसंग तर असे उतरत होते, की ती लिहिताना स्वतःशीच हसायची आणि शेजारच्या टेबलावरच्या मुली एकमेकींना कोपरं मारायच्या.

गाडी अडली ती धुरपदाबाईपाशी.

"ताई, म्हातारी खोटी वाटायलीय," अंगद म्हणाला. "पुस्तकात ती बोलतच न्हाई फारसं, तुम्ही तिच्याबद्दल सांगता. इथं तोंड उघडलं की पुस्तक वाचून दाखवल्यासारखी बोलती."

गौसियाने पुन्हा लिहिलं. मग पुन्हा. पाचव्या खर्ड्यात धुरपदाबाई "मेल्यांनो, माझ्या झाडाला हात लावाल तर याद राखा!" म्हणाली, तेव्हा अंगद म्हणाला, "ही कोकणातून आलीय का?"

दुसरा इलाज नव्हता. ज्या तोंडाचं बोलणं हवं होतं, त्या तोंडासमोर जाऊन बसणं भाग होतं. दिवाळीच्या सुट्टीत गौसियाने एक पिशवी मोसंबी घेतली आणि उमापूरची बस धरली. मनाशी ठरवलं होतं: पुस्तकाचं नाव काढायचं नाही. हालहवाल विचारायची, मावशीला बोलतं करायचं, ऐकायचं आणि निघायचं.

अब्बांकडे चहा घेऊन ती मागच्या वाटेने आवारात शिरली, तर छबुबाईच्या ओट्यावर सात-आठ बाया बसलेल्या. कुणी शेंगा फोडत होतं, कुणी लसूण सोलत होतं. मधोमध छबुबाईच्या दिराची नात शिवकन्या पाय दुमडून बसली होती आणि मोठ्याने वाचत होती. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. गौसियाने दोन वाक्यं ऐकली आणि ती पिशवी धरून तिथेच उभी राहिली. सहावं प्रकरण. धुरपदाबाई भरल्या अधिवेशनात शेळी सोडते आणि शेळी सरकारचं सगळं दप्तर खाते, ते.

बाया हसून हसून लोळत होत्या. भिंतीला टेकून बसलेली छबुबाई मात्र न्यायाधीशासारखी गंभीर होती. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"ये गं मिस्त्र्याच्या पोरी. उभी कावून? बस खाली. शिवकन्ये, थांबू नको, पुढं वाच. शेळी भुकंली हाय."

गौसिया खाली बसली. मोसंबीची पिशवी मांडीवर तशीच राहिली. प्रकरण संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. शिवकन्येने पान दुमडलं, बाया एकेक करून कौतुकाने गौसियाकडे बघायला लागल्या, आणि मग छबुबाई म्हणाली, "तिसऱ्यांदा वाचून दाखवायलीय ही मला."

"तिसऱ्यांदा?"

"गेवराईच्या शाळेतून आणलं हिनं, चार वर्सं झाली. परत कुठं देती? हरवलं म्हणून सांगितलं मास्तरला." छबुबाईने चंची उघडली, चिमूटभर तंबाखू मळली. "तू तर म्हणायचीस, प्रती संपल्या."

"मावशी, मला माफ करा," गौसिया म्हणाली. "मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. मी लहान होते तेव्हा तुमची भीती वाटायची, म्हणून तसं लिहिलं गेलं. तुमचं मन दुखावलं असेल..."

"मन? मन कशाला दुखावतंय? अगं, साऱ्या गल्लीत पुस्तकात कोन हाय, तर मी हाय! सरपंच बी न्हाई पुस्तकात." बाया पुन्हा खिदळल्या. छबुबाईने हात वर करून त्यांना गप्प केलं. "पर माज्या दोन तक्रारी हायत. चार वर्सं झाली मनात ठेवल्यात. तूच येईनास."

"सांगा."

"एक. धुरपदा 'मेल्यांनो' म्हणती. मी जल्मात कुणाला 'मेल्यांनो' म्हणलं का?"

"नाही," गौसिया पुटपुटली.

"मी काय म्हणायचे?"

गौसियाला अचानक सगळं आठवलं. ती बिचकत म्हणाली, "तुमी म्हणायच्या, 'थांबा, तुमच्या बापाच्या मिशा उपटून तुमच्या हातात देते.'"

ओट्यावर असा हशा पिकला, की पलीकडे गॅरेजमध्ये ख्वाजा मिस्त्रींनी हातोडी थांबवली.

"मग ते कावून न्हाई लिहिलं? एवढं चांगलं बोलले मी, अन् हिनं ते टाकूनच दिलं. तुज्या बापाला तर मिशा बी नव्हत्या, तवा तुला मी येगळं बोलायचे. ते बी न्हाई पुस्तकात." छबुबाई आता रंगात आली होती. "अन् दुसरी तक्रार. शेवटाला धुरपदा रडती. डोळ्याला पदर लावती अन् म्हणती, घ्या बाळांनो, आजपासून ही चिंच तुमची. मी कव्हा रडले? कव्हा दिली चिंच?"

"नाही दिलीत. मला वाटलं, गोष्टीचा शेवट गोड व्हावा."

"गोड?" छबुबाई पुढे सरकली. "अगं येडे, मी चिंच दिली असती तर तुमी आला असतात का रोज? मालक झालेलं पोर चिंचेखाली बसतं का? ते जातं घरी निजायला. तुमाला पळवायला लई मजा यायची मला. सासू गेलती, मालक रानात, लेकरू अजून पोटाला न्हाई. दुपार खायला उठायची. मग तुमची कुजबुज ऐकू यायची भिंतीमागून. मी काठी घेऊन दाराआड हुभी राहायचे अन् मनात म्हणायचे, आजून थोडं आत येऊ द्या, आजून थोडं. यखाद्या दिशी तुमी आला न्हाईत, की मला जेवण जायचं न्हाई."

इतकी वर्षं गौसियाच्या मनातल्या त्या आवारात चार पोरं खेळत होती आणि एक म्हातारी खेळ मोडत होती. म्हातारी! हिशेब केला तर तेव्हा छबुबाई जेमतेम बत्तिशीची होती. आज गौसिया होती त्याहून लहान.

"अन् दगड?" तिने विचारलं. "तुमी दगड मारायचात."

"लागला कुणाला कव्हा?"

एकदाही नाही.

"चुकवून मारायला लई नेम लागतो," छबुबाई म्हणाली. मग तिने शिवकन्येच्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटंच धरून त्याच्यावर बोट आपटलं आणि निकाल दिला. "तुमचं सरकार व्हतं ना? मग मी विरोधी पक्ष. विरोधी पक्ष कधी रडून सत्ता सोपवतो का? तो दुसऱ्या दिशी पुन्हा येतो, काठी घेऊन!"

गौसियाने पिशवी बाजूला ठेवली, पर्समधून पेन काढलं, आणि वही सापडेना म्हणून मोसंबीच्या पिशवीतल्या कागदावरच लिहायला लागली.

ती एक दिवस राहायला आली होती, ती आठ दिवस राहिली. सकाळी अब्बांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात, टायरांच्या उतरंडीशेजारी बसून लिहायची. दुपारी ओट्यावर वाचून दाखवायची. छबुबाई ऐकायची आणि फटाफट निर्णय द्यायची. "हे काढ. असं कोन बोलतं?" "हे ऱ्हाऊ दे." "हितं मी काय बोलणार न्हाई. नुसती बघीन." या शेवटच्या वाक्यावर गौसिया चकित झाली, अंगद फोनवर दोन महिने तिला हेच समजावत होता. ख्वाजा मिस्त्रीसुद्धा हात पुसत येऊन बसू लागले. लेकीचं लिखाण ते पहिल्यांदाच ऐकत होते. तिसऱ्या दिवशी मुख्यमंत्री चिंचोके मोजतो तो प्रसंग आला, तेव्हा ते म्हणाले, "बेटा, हे पोरगं तू हाय ना? मी गिऱ्हाइकात असायचो, तवा तू असंच नट-बोल्ट मोजत बसायचीस." गौसियाने मान हलवली. संध्याकाळी त्यांनी गॅरेजात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, की आपली पोरगी राइटर हाय, आणि काय लिहिती, एकदम असली माल!

अंगद आला तो थेट ओट्यावरच. नवा शेवट त्याने उभ्याने ऐकला. सरकार पडतं, पोरं दहावीत जातात, क्लास लागतात, चिंचेखाली शुकशुकाट होतो. मग एका दुपारी धुरपदाबाई स्वतः काठी घेऊन पोरांच्या घरी जाते, एकेकाला दारातून हाक मारते आणि म्हणते, "अधिवेशन कव्हा हाय? मला वराडायला कुणी ऱ्हायलं न्हाई!" अंगद हसला, मग त्याने चष्मा काढून पुसला, मग परत हसला.

"मावशी," तो हात जोडून म्हणाला, "हे काम तुमीच करा. दुसरी बाई मला आता दिसतच न्हाई."

छबुबाईने साफ नकार दिला. "मी एकदा करून बसलेय ते काम. पुन्हा कशाला? यखादी शिकलेली बाई आणा. पर आधी माज्याकडं पाठवा तिला. तशीच कॅमेऱ्यापुढं हुभी कराल तर याद राखा."

म्हणून मग सत्यशीलाबाई आल्या. मूळच्या अंबाजोगाईच्या, पुण्यात तीस वर्षं नाटकं केलेल्या, भल्याभल्यांना रंगमंचावर गप्प करणाऱ्या. छबुबाईने त्यांना पहिले दोन दिवस फक्त दाराआड उभं केलं. तिसऱ्या दिवशी हातात दगड दिला आणि भिंतीवर डबा ठेवला. "ह्याला लागला न्हाई पायजे. पर बघणाऱ्याला वाटलं पायजे, आता लागतोय." सत्यशीलाबाईंच्या पहिल्या दगडाने डबा आडवा झाला. दुसऱ्यानेही. त्या घामाघूम झाल्या. "बाई, मला आयुष्यात इतका कडक दिग्दर्शक भेटला नव्हता," त्या गौसियाच्या कानात म्हणाल्या. पाचव्या दिवशी दगड डब्याच्या कडेला वारा घालून गेला. छबुबाईने स्वतःच्या हाताने चहा करून आणला, आणि सत्यशीलाबाईंनी तो बक्षीस घेतल्यासारखा दोन्ही हातांनी घेतला.

शूटिंग सव्वीस दिवस चाललं. गावातल्या निम्म्या पोरांना काही ना काही काम मिळालं. शेळीच्या कामासाठी सहा जणांनी आपापल्या शेळ्या आणल्या, आणि शेवटी जिने खरोखरच अंगदचं कागदांचं बाड खाल्लं, तिची निवड झाली. गौसिया रोज चिंचेखाली मोडक्या खुर्चीवर बसून ऐनवेळी संवाद बदलायची. कधी पोराच्या तोंडात एखादा शब्द बसायचा नाही, कधी त्याने चुकून म्हटलेलाच जास्त चांगला असायचा. आपण लिहिलेलं वाक्य दुसऱ्याच्या गळ्यातून जिवंत होऊन बाहेर पडतं, ते ऐकण्याची तिला चटकच लागली.

चित्रपट पुढच्या मार्चमध्ये लागला. बीडच्या टॉकीजला उमापूरहून तीन टेम्पो भरून माणसं आली. छबुबाई पुढून चौथ्या रांगेत, नव्या लुगड्यात, एका बाजूला शिवकन्या आणि दुसऱ्या बाजूला सत्यशीलाबाई. मध्यंतरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दिवे लागले तेव्हा गौसिया वाकून म्हणाली, "मावशी, कसं वाटतंय?"

"गप बस," छबुबाई म्हणाली. "इचार करायलेय. ह्या पोरांचं आता काय व्हायाचं?"

गौसियाला पुढे मिळालेल्या दोन पुरस्कारांपेक्षा ते वाक्य जास्त पुरलं. चित्रपट सात आठवडे चालला. मुंबईहून एका मालिकेसाठी विचारणा आली, ती तिने घेतली. अंगदबरोबर दुसऱ्या पटकथेचा करार झाला. शाळेने आठवड्यातले दोन दिवस मोकळे करून दिले. ग्रंथालयातला तो खण आता भरलाय. तिची पुस्तकं आहेत, इतरांचीही आहेत. 'चिंचेखालचं सरकार'ची नवी आवृत्ती नव्या शेवटासह निघाली, आणि तिच्या पंचवीस प्रती तिने स्वतः उमापूरला नेऊन घरोघर दिल्या.

चौथ्या कादंबरीचं काम चालू आहे. ती व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींवर आहे. मागच्या गुरुवारी कच्चा खर्डा घेऊन ती उमापूरच्या शाळेत नववीच्या वर्गात गेली. वर्ग गच्च भरलेला, खिडकीतही डोकी. तिने पहिलं प्रकरण वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर मागच्या बाकावरून आयशा नावाच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, एक चुकलंय."

"काय गं?"

"संघात सहा जणी लागत्यात. तुमी पाचच घेतल्यात."

गौसियाने पानं उलटीपालटी करून मोजल्या. खरंच पाच होत्या. चार महिने ती त्या पाच जणींना सगळ्या तालुक्यात सामने जिंकून देत होती.

"अगं बाई!" ती कपाळावर हात मारून हसायला लागली. "मग आता सहावी कोण घ्यायची?"

वर्गातल्या सगळ्या मुलींचे हात एकदम वर गेले.